कौसाबाईच्या घराचा रकाना

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. सुनंदेलाही नाही – आणि सुनंदेपासून काही लपवणं म्हणजे काय असतं, ते माझ्या नातेवाइकांना विचारा. खिशात राहिलेल्या एसटीच्या तिकिटावरून ही बाई माझा अख्खा दिवस सांगते. पण ही एक गोष्ट तिला पंधरा वर्षांत सापडली नाही. मी सापडू दिली नाही.

मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. ओळखीच्या माणसांत मी 'गुरुजी' आहे. चांगला माणूस, सरळ माणूस, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ते ऐकून घ्यायची सवय झाली आहे – आणि खरं सांगू, आवडतंही.

निमित्त झालं ते आमच्या सोसायटीतल्या बाकाचं. आम्ही नगरला फ्लॅटमध्ये राहतो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण जिभेला वळण जुनंच आहे. सकाळी फिरून आलो की खाली बाकावर आम्हा पेन्शनरांची सभा भरते. विषय बहुतेक एकच, घर. कुणाच्या मुलाला पुण्यात भरपूर पगार आहे, पण घर घ्यायची छाती होत नाही. कुणी म्हणतं, सरकारनं साध्या माणसाला परवडतील अशी घरं बांधायला हवीत. लगेच दुसरा म्हणतो, बांधली की! खेड्यात फुकट वाटली, आणि लोकांनी त्यात शेळ्या बांधल्या. मग बोगस लाभार्थी निघतात, मग आपला कर निघतो, मग आपण घराचे हप्ते भरताना कसे पोटाला चिमटे काढले ते निघतं. परवा त्यांतल्या एकानं मलाच विचारलं, गुरुजी, तुम्ही तर जन्मभर खेड्यात काढलात, घरकुलाच्या पाहण्याही केल्यात. तुम्हीच सांगा, त्या याद्यांत किती खोट असते?

सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. मी म्हणालो, असते थोडी. आणि चहाचं निमित्त करून उठलो.

त्या 'थोडी'बद्दल बोलायचं आहे. पण एकदम तिथं नाही जाता येत – जमत नाही मला. आधी गावाकडे येऊ द्या.

गाव पाथर्डीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला. जमिनी मुरमाड, पावसाचा भरवसा नाही. बाजरी झाली तर झाली. दसरा झाला की गावात टोळ्यांची लगबग सुरू व्हायची. ऊसतोडीला जायचं म्हणजे सहा महिन्यांचा संसार ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायचा – पत्र्याची पेटी, पिठाचे डबे, गोधड्या, कोंबड्या, एखादी शेळी, आणि वर पोरं. दिवाळीनंतर निम्मं गाव ओस पडायचं. माझ्या शाळेचा पट दिवाळीच्या आधी वेगळा आणि नंतर वेगळा असायचा. ती माणसं गुढीपाडव्याच्या आसपास परत यायची, तेव्हा वेशीत पहिला ट्रॅक्टर दिसला की मी वर्ग सोडून द्यायचो. उरलेली पोरं ओरडत धावायची. उन्हानं रापलेली माझी पोरं ट्रॉलीतून उड्या मारत उतरायची, आणि कुणीतरी हमखास माझ्यासाठी उसाची मोळी आणलेली असायची. आज सुपरमार्केटातून आणलेला गूळ खाताना मला ती मोळी आठवते. त्या गावात मी अकरा वर्षं राहिलो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात सुखाची वर्षं कुठली, असं कुणी विचारलं तर मी तीच सांगेन. आणि तिथंच हे केलं.

कौसाबाई आमची शेजारीण. नवरा भानुदास, बोलायला कमी, हसायला कमी, कामाला वाघ. दोघं मिळून एक कोयता – म्हणजे टोळीच्या भाषेत ऊस तोडणारी एक जोडी. कौसाबाई मात्र बोलायला अशी, की तिच्या शेळ्यासुद्धा गप्प बसून ऐकत असाव्यात. आम्ही गावात नवीन गेलो तेव्हा सुनंदेला चूल पेटवता येत नव्हती. कौसाबाईनं तिला चूल शिकवली, बाजरीची भाकरी शिकवली, कुणाच्या विहिरीचं पाणी डाळ शिजायला चांगलं ते सांगितलं. संक्रांतीला ती गावात नसायची, म्हणून जायच्या आधीच तिळाची पुडी देऊन ठेवायची. मला एकदा काविळीनं धरलं, तर ही बाई दोन डोंगर ओलांडून कुठल्याशा म्हाताऱ्याकडून औषध घेऊन आली होती. औषधानं की आरामानं कोण जाणे, मी बरा झालो. ती मात्र गावभर सांगत सुटली की गुरुजींना मी वाचवलं.

आणि तिची शीतल. हे घडलं त्या वर्षी सातवीत होती. वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची, आणि फळ्यावर रोजचा सुविचार तीच लिहायची. अक्षर असं की साहेब तपासणीला आले तेव्हा त्यांना वाटलं, मी लिहिलंय. मी तसं वाटू दिलं. (बघा, लहानसहान खोटं माझ्या अंगात आधीपासून होतंच.) बत्तीस वर्षांच्या नोकरीत अशा तीन-चार मुली मिळाल्या असतील मला, ज्यांच्याकडे बघून वाटावं की आपण खरंच मास्तर आहोत. शीतल त्यांतली एक.

आता घर. त्यांचं घर म्हणजे मातीत बसवलेल्या दगडांच्या तीन भिंती. चौथी, मागची, एका पावसाळ्यात बसली ती पुन्हा उभी राहिलीच नाही. तिथं तुराट्यांचं कूड घालून वर पोतं लावलेलं. छपराला पत्रे, पत्र्यांवर दगड. पुढच्या दाराला मात्र कडी आणि भलंथोरलं कुलूप. कौसाबाईच म्हणायची, पुढून कुलूप लावायचं ते लोकांसाठी, चोराला काय, मागून सगळा रस्ताच हाय. आणि आम्ही हसायचो.

आमचं तर तेवढंही नव्हतं. अकरा वर्षांत त्या गावात आम्ही चार घरं बदलली. आधी देवळामागची खोली, मग सोसायटीच्या गोदामाला लागून एक, मग एका बागाईतदाराच्या वाड्याशेजारची पडवी. त्यानं मुलाचं लग्न काढलं आणि खोल्या मोकळ्या करा म्हणून निरोप धाडला. दसऱ्याच्या चार दिवस पुढंमागं. पन्नाशीला टेकलेला हेडमास्तर मी – भांडी, ट्रंका, पुस्तकांची खोकी घेऊन पुन्हा एकदा रस्त्यावर. नगरला मेहुण्याकडे शिकायला ठेवलेला मुलगा, त्याची फी. भावांनी वाटण्या केल्या तेव्हा माझ्या वाटणीला घर आलं नाही, 'तुला सरकारी नोकरी आहे' हे वाक्य आलं. शाळेत पोरांना 'माझे घर' हा निबंध घालायचो तेव्हा शीर्षक फळ्यावर लिहून मी वर्गाबाहेर जाऊन उभा राहायचो. हसू नका. खरंच राहायचो.

नवी खोली कौसाबाईच्या घराला लागूनच मिळाली, आणि सामान हलवायला भानुदास, कौसाबाई, आणखी दोन-तीन बायका आल्या. नेहमीच यायच्या. कौसाबाईच्या डोक्यावर आमचं पिठाचं पिंप होतं. भर पारासमोर, चारचौघं बसलेली असताना, ती थांबली, मान न हलवता माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली –

"गुरुजी, आमी सा म्हयनं भाईर, पन घर येका जागी हाय. तुमी बारा म्हयनं हितं, आन् इंचवाचं बिऱ्हाड पाठीवर."

पार खदखदून हसला. भानुदाससुद्धा हसला. सुनंदा हसली. आणि मीही हसलो – हसलोच ना. ती थट्टा होती. आमचीच पाठ वाकू नये म्हणून जी बाई पिंप डोक्यावर घेऊन चालली होती, तिची थट्टा. तिच्या मनात काय असणार? काही नव्हतं. हे मला तेव्हाही कळत होतं. पण ते वाक्य माझ्या आत जाऊन बसलं ते उठेना. आंघोळ करताना आठवायचं. फळ्यावर तारीख घालताना आठवायचं. कुडाच्या घरात राहणारी बाई मला, मला बेघर म्हणते?

दिवाळीनंतर टोळी निघाली. त्यांचा मुकादम कोपरगावकडचा उसाचा फड घेऊन आला होता, गोदावरीच्या काठचा. दरवर्षी शीतल आजीजवळ मागं राहायची. पण त्या पावसाळ्यात म्हातारी गेली होती, म्हणून पोरीलाही बरोबर न्यायचं ठरलं. कौसाबाई निघताना घराची किल्ली घेऊन आली. किल्ली नेहमी आमच्याकडेच असायची, देवळीच्या वर खिळ्याला. त्या दिवशी ती उंबऱ्यात टेकली आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली. घरकुलाची पाहणी येणार असं ती ऐकून होती. घर झालं तर तिची विधवा बहीण इथं येऊन राहायला तयार होती, चार भिंती आणि आतून लागणारी कडी असली तर. मग पोरगी गावातच राहील, आठवीला हायस्कूलला जाईल. वयात येणारी पोर कुडाच्या घरात कुणाच्या जिवावर ठेवायची? या वर्षापुरती पुस्तकं बरोबर घेते, परीक्षेला आणून सोडते, पण पुढं घरावर आहे सगळं. मग म्हणाली, "पाहनीवाले आले तर आमी नसनार. तुमी हाईत म्हनून घोर न्हाई."

मी म्हणालो, काळजी करू नका.

महिन्याभरानं पाहणीचा आदेश आला. आणि पाहणीवाला कोण? मीच. मास्तर लोकांना असली कामं लागतातच – माणसं मोजा, गुरं मोजा, संडास मोजा. पंचायत समितीत आम्हाला बसवून शिकवलं. तिथं एका तरुण शिक्षकानं विचारलं, आमच्या गावात निम्मी घरं कुलूपबंद आहेत, त्यांचं काय करायचं? साहेब चाचपडायला लागले, तेव्हा मी उभा राहून सांगितलं होतं – ऊसतोडीला गेलेलं कुटुंब हे तात्पुरतं स्थलांतर. शेजाऱ्याला विचारायचं, घर बाहेरून बघायचं, आणि फॉर्म पूर्ण भरायचा. नाव सुटता कामा नये. साहेबांनी शाबासकी दिली.

आठवडाभर मी गावात फिरलो. कुलपं मोजत, शेजाऱ्यांना विचारत. उन्हाची तिरीप, खळ्यांत बाजरीच्या मळणीची धूळ, कुठून तरी हुरड्याचा वास. कुणी बोलावून गुळाचा चहा पाजायचं. मला ते काम आवडलं, खोटं कशाला बोलू. प्रत्येक बंद घराचं नाव मी नीट लिहिलं. ज्यांच्याशी माझं पटत नव्हतं त्यांचंही लिहिलं. एकानं माझ्याविरुद्ध तक्रार केली होती, त्याचंही लिहिलं.

कौसाबाईचं घर शेवटी आलं. आमच्याच शेजारचं, म्हणून शेवटी ठेवलं होतं. दुपारची वेळ. समोरच्या दगडावर बसून फॉर्म गुडघ्यावर घेतला. भिंती – माती-दगड. छप्पर – पत्रा. खोल्या – एक. इथवर सगळं बरोबर भरलं. मग तो रकाना आला, कुटुंब सध्या कुठे. मी कुलपाकडे बघितलं. शेजाऱ्याला विचारायचं, असा नियम. शेजारी कोण? मी. किल्ली माझ्या घरात खिळ्याला. आणि त्या क्षणी मला पार ऐकू आला. ते हसणं. मनात आलं – हिला फुकट घर. सरकार बांधून देणार. मी पंचवीस वर्षं खडू खाऊन अजून भाड्याच्या खोल्या झाडतोय, आणि ही उद्या पक्क्या घराच्या ओट्यावर बसून मला पुन्हा म्हणणार, गुरुजी, बिऱ्हाड पाठीवर.

मी लिहिलं – 'कायम स्थलांतर. घर वापरात नाही.'

पाच शब्द. माझं अक्षर नेहमी असतं तसंच आलं. खाली सही केली. मग घरी जाऊन जेवलो. सुनंदेनं पिठलं केलं होतं, मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

हीच ती गोष्ट. आता कळलं ना, का फिरत होतो इतका वेळ?

पण थांबा, एवढ्यावर सुटत नाही. एका दुपारची चूक असती तर मी कदाचित स्वतःला माफ केलं असतं. यादी झाली आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावली. हरकत असेल तर अमुक दिवसांत अर्ज करा, असं खाली लिहिलेलं. हरकत घेणारी माणसं फडावर, आणि यादी इथं भिंतीवर वाऱ्यानं फडफडतेय – आमच्याकडचं सरकारी काम ते असं. मी ती रोज बघायचो, शाळेच्या वाटेवरच होती. ग्रामसेवक ओळखीचा होता. जाऊन नुसतं म्हणायचं होतं, अहो, एका फॉर्मात माझी चूक झाली, दुरुस्त करू द्या. चहा संपायच्या आत झालं असतं.

त्याच दिवसांत आम्ही शिर्डीला गेलो. नगरच्या एका नव्या इमारतीतला फ्लॅट सुनंदेनं बघून ठेवला होता. बँकेचा होकार यायचा होता, आणि बाबांना सांगून यायचं तिनं घेतलं होतं. राहात्याच्या अलीकडे रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती, आमची एसटी मागं अडकली. गाड्यांवर उसावर बसलेल्या बायका. सुनंदा खिडकीतून मान बाहेर काढून म्हणाली, अहो, कौसाबाईंचा फड इथून जवळच असेल, जायचं का भेटायला? शिर्डीपासून कोपरगाव म्हणजे अर्ध्या तासाची वाट. हरकतीची मुदत अजून चार दिवस होती. मी म्हणालो, कुठं शोधत बसणार त्यांना, उशीर होईल. आणि मग रांगेत उभा राहिलो, फुलं घेतली, हात जोडले आणि डोळे मिटून मागितलं – घर मिळू दे.

मिळालं. आजही मी त्याच घरात बसून हे लिहितोय.

पाडव्याला टोळी आली. कौसाबाई किल्ली घ्यायला आली, आणि किल्ली हातात घेता घेताच तिनं विचारलं. मी उत्तर तयार ठेवलं होतं. म्हणालो, इथून सगळं बरोबर गेलं होतं, वरून यादी कापून आली. तिनं एकदाच विचारलं, तुमी लिवलं हुतं ना? मी हो म्हणालो. तर तीच मला समजवायला लागली – मग तुमी काय करनार गुरुजी, तुमी जिवाला लावून घिऊ नका. फडावरून आणलेली काकवीची बाटली सुनंदेच्या हातात दिली आणि गेली.

शीतलनं सातवीची परीक्षा दिली. पाच महिने फडावर राहून, उसाच्या पाचटाच्या कोपीत चिमणीच्या उजेडात वाचून, वर्गात दुसरी आली. जूनमध्ये भानुदास शाळा सोडल्याचा दाखला घ्यायला आला. मला वाटलं, हायस्कूलसाठी असेल – क्षणभर असं हलकं वाटलं, काय सांगू! पण तो म्हणाला, लागंल कुठं तर असू द्या जवळ. मावशी यायला तयार नव्हती, घर होतं तसंच होतं. दाखल्यावर 'शाळा सोडण्याचे कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं, 'पालकांच्या विनंतीवरून'. बाहेर शीतल उभी होती. तिनं विचारलं, गुरुजी, वाचनालयाची दोन पुस्तकं माझ्याकडं हायेत, ती फडावर नेऊ का, आल्यावर देईन? ने म्हणालो. दुसरं मी काय देणार होतो तिला?

दिवाळीनंतर ती फडावर गेली. दोन वर्षांनी तिचं लग्न झालं, टोळीतल्याच मुलाशी. म्हणजे एक नवा कोयता. लग्नाला मी होतो. अक्षता टाकल्या. वय किती ते कुणी विचारलं नाही, आणि जन्मतारखेचं रजिस्टर ज्याच्या कपाटात होतं तो मास्तरही बोलला नाही. मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो? पुढच्याच वर्षी माझी बदली झाली, आणि आम्ही नव्या फ्लॅटमध्ये आलो. गृहप्रवेशाच्या पूजेत भटजींनी मनापासून काही मागा म्हटलं, तर मला काही सुचेना.

मी विसरलो होतो असं समजू नका. पण रोज आठवत होतं असंही नाही. माणूस इतका चांगला नसतो. वर्षातून एखादे वेळी, रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दिसला की. बस्स.

आणि मग या उन्हाळ्यात फोन आला. मधल्या काळात पुन्हा पाहणी झाली होती, नव्या कुणी तरी मोबाईलवर फोटो काढून नीट केलेली. यंदा कौसाबाईचं घरकुल उभं राहिलं होतं. वास्तुशांत होती. तिचा आवाज तसाच, फोन कानापासून लांब धरावा लागला. म्हणाली, तुमी आल्याबिगर पूजा न्हाई. सुनंदा तयारच होती. मी गुडघ्याचं कारण सांगून बघितलं, चाललं नाही.

घर छान झालंय. विटांचं, स्लॅबचं, बाहेरून आकाशी रंग. मागची भिंत मी जाऊन बघितली. हात लावून बघितला. भानुदास कमरेतून वाकलाय, त्याला आता तोड होत नाही. कौसाबाईचे दात गेलेत पण थट्टा गेली नाही. सुनंदेला तिनं घर दाखवलं, कडी आतून लावून दाखवली, पुन्हा उघडून दाखवली. गव्हाची खीर होती, आमटी-भात होता, जुने विद्यार्थी पाया पडत होते, कुणाच्या केसांत पांढरं डोकावायला लागलेलं. मी त्या मांडवात बसलो होतो, आणि किती वर्षांनी माझ्या माणसांत आल्यासारखं वाटत होतं. हे नको होतं वाटायला, पण वाटत होतं.

जेवणाच्या आधी कौसाबाईनं सगळ्यांना गप्प केलं. मला पुढं बोलावलं, भानुदासच्या हातून टॉवेल-टोपी-नारळ दिला. आणि त्या सगळ्या माणसांना, सरपंचाला, नव्या गुरुजींना, जावयाला, तिनं मोठ्यानं सांगितलं –

"हे घर आज झालंय, पन पयलं नाव या मानसानं लिवलं हुतं. सरकारनं खोडलं. गुरुजींनी न्हाई."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदेनं डोळ्यांना पदर लावला. माझ्या हातात नारळ होता, तोंड उघडायला पुरेसा वेळ होता, आणि ऐकायला सगळं गाव समोर बसलेलं. मी टोपी डोक्यावर नीट बसवली.

तेवढ्यात गर्दीतून एक बाई पुढं आली. काळवंडलेली, हाताच्या बोटांना चिरा पडलेल्या, एक बोट अर्धं तुटलेलं. मला वाटलं, टोळीतली कुणी असेल. ती म्हणाली, "वळखलं न्हाई ना गुरुजी? शीतल. ती दोन पुस्तकं द्यायची राह्यली." आणि हसून पायाशी वाकली.

मी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तोच, उजवा, लिहिणारा. म्हणालो, सुखी राहा.